मोठा पहिलवान कोण?

हिंगोलीचा दसरा दूरदूरच्या गावांत प्रसिद्ध आहे. दसऱ्याचे दिवस असोत, एखाद्या गावचा उरूस असो की जत्रा असो, कुस्त्यांची दंगल भरली म्हणजे वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा अशा चहूबाजूंनी माणसे येतात. हलगी कडाडते. पहिलवान अंगाला माती लावतात आणि शड्डू ठोकतात. त्याच वेळी कडेला बसलेल्या लोकांत दुसरी एक कुस्ती चालू असते. ती असते तोंडाची! एखादे आजोबा म्हणतात, "हे कसले पहिलवान? आमच्या वेळचे गडी तू पाहिले नाहीस." नातू म्हणतो, "आजोबा, तुमच्या वेळचे गडी आज आले असते, तर गादीवर तीन मिनिटेही टिकले नसते."

असे वाद तुम्हीही ऐकले असतील. कदाचित केलेही असतील. मग सांगा बरे, या वादात खरे कोणाचे? गेलेल्या काळातला पहिलवान आणि आजचा पहिलवान यांची तुलना करायची तरी कशी? दोघे एकमेकांसमोर उभे राहणे तर शक्यच नाही.

या प्रश्नात शिरण्यापूर्वी एक गंमत पाहा. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र 'तालीम' म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. कोणी मराठी माणूस म्हणाला, "मी रोज पहाटे तालमीत जातो," तर तो पाटी-पुस्तक घेऊन जात नाही, लंगोट घेऊन जातो. तिथे शिकवणारा तो 'वस्ताद', म्हणजे तुमचा 'उस्ताद'च. पहिलवान, खुराक, जोर, दंगल हे शब्दही तुम्हाला ओळखीचे वाटतील. कुस्तीच्या मातीत हे शब्द कित्येक पिढ्यांपासून एकत्र नांदत आहेत. तेव्हा या पाठातले निम्मे शब्द तुम्हाला न शिकवताच येतात, असे समजा.

आता थोडे दूर जाऊ. असाच वाद अमेरिकेत मुष्टियुद्धाबद्दल, म्हणजे बॉक्सिंगबद्दल चालतो. तिथे सर्वांत वजनदार गटाचा विजेता हा सर्वांत मोठा मानला जातो. रॉकी मार्सियानो हा १९५२ ते १९५६ या काळात असा जगज्जेता होता. त्याने ४९ लढती केल्या आणि सर्वच्या सर्व जिंकल्या. त्यानंतर मुहम्मद अली आले. ते १९६४, १९७४ आणि १९७८ असे तीन वेळा जगज्जेते झाले. मार्सियानोचे वजन सुमारे ८४ किलो, तर अलींचे त्याहून दहा-बारा किलो जास्त. अलींची उंची सव्वासहा फूट. ते पायांवर नाचत लढत. मार्सियानो उंचीने बेताचा. पण तो वाकून आत घुसे आणि ठोसा मारी. या दोघांत मोठा कोण?

एका अमेरिकन गृहस्थाने ठरवले, की हा वाद संगणकाकडून मिटवायचा. संगणक तेव्हा नवीन होता. लोकांना वाटे, यंत्र खोटे बोलणार नाही. दोघांच्या बळाची, वेगाची, ठोशांची माहिती संगणकात भरली गेली. १९६९ मध्ये दोघांनाही बोलावून लढतीचे चित्रीकरण झाले. मार्सियानो तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती आणि अलींवर मुष्टियुद्ध खेळण्याची बंदी होती. दोघे खोटेखोटे लढले. वेगवेगळे शेवट चित्रित केले गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्सियानो विमान अपघातात मरण पावला. पुढे जानेवारी १९७० मध्ये चित्रपट दाखवला गेला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी पाहिले, की तेराव्या फेरीत मार्सियानोने अलींना बाद केले. आणि युरोपातल्या प्रेक्षकांना जो शेवट दाखवला, त्यात अली जिंकले!

म्हणजे एकच लढत आणि दोन निकाल. दोष संगणकाचा नव्हता. माणसांनी त्यात जे भरले आणि प्रेक्षकांना जे आवडेल असे त्यांना वाटले, तेच बाहेर आले. हिंगोलीच्या दंगलीत कडेला बसून भांडणारे आजोबा-नातू या यंत्रापेक्षा फार वाईट न्याय करत होते, असे मला तरी वाटत नाही.

यंत्र राहू द्या. दोन काळांतले योद्धे कधी कधी खरोखरच समोरासमोर येतात. १९५१ मध्ये तरुण मार्सियानोची गाठ जो लुईशी पडली. लुई हा १९३७ ते १९४९ असा सलग बारा वर्षे जगज्जेता होता आणि त्याने आपले पद पंचवीस वेळा राखले होते. या लढतीत मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत पाडले. मग मार्सियानो लुईपेक्षा मोठा ठरला का? लुईचे वय तेव्हा ३७ होते. तो कर्ज फेडण्यासाठी पुन्हा रिंगणात उतरला होता. पुढे १९८० मध्ये अलींचेही तेच झाले. ३८ वर्षांचे अली त्यांच्याहून तरुण लॅरी होम्सकडून हरले. दोन काळ भेटतात, पण त्यांतला एक म्हातारा होऊन भेटतो.

आता आपल्या मातीकडे येऊ. गामा पहिलवानांचे नाव तुमच्या घरी सर्वांना ठाऊक असेल. एखादा मुलगा फार ऐट करू लागला, की अजूनही लोक म्हणतात, "तू काय स्वतःला गामा समजतोस?" गामांचे खरे नाव गुलाम मुहम्मद बख्श. त्यांचा जन्म १८७८ चा, आणि लहानपण दतिया संस्थानात गेले. त्यांची उंची साधारण पावणेसहा फुटांच्या आत, वजन सुमारे ९० किलो. आजच्या मापाने पाहिले तर काही फार थोराड नव्हे. त्यांचे मोठे प्रतिस्पर्धी रहीम बख्श सुलतानीवाला हे सात फुटांच्या जवळपास उंच होते, असे सांगतात.

१९१० मध्ये गामा लंडनला गेले. तिथे त्यांनी अमेरिकेच्या डॉक्टर रोलरला चीत केले. मग त्यांची कुस्ती पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को या नामांकित मल्लाशी ठरली. झिबिस्को गामांपेक्षा बराच वजनदार होता. कुस्ती सुरू झाली. थोड्याच वेळात झिबिस्कोने ओळखले, की उभ्याने लढलो तर आपले काही खरे नाही. तो गादीवर पालथा पडला आणि तसाच चिकटून राहिला. पालथ्या माणसाची पाठ जमिनीला लागत नाही, आणि पाठ लागल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही. गामा त्याला उलटण्याचा प्रयत्न करत राहिले. अडीच तासांहून अधिक वेळ हे चालले. शेवटी कुस्ती बरोबरीत सोडवली गेली. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली होती. त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही.

अठरा वर्षांनी, जानेवारी १९२८ मध्ये, हेच दोघे पतियाळा संस्थानात पुन्हा भेटले. हजारो लोक जमले होते. या वेळी गादी नव्हती, आखाड्याची माती होती. आणि काय झाले? एक मिनिटही पुरे झाले नाही, तोच गामांनी झिबिस्कोला आस्मान दाखवले.

जरा थांबून विचार करा. मल्ल तेच दोघे. वयातही फारसा फरक नाही; दोघेही पन्नाशीच्या आसपास पोचलेले. तरी लंडनला अडीच तासांत निकाल लागला नाही आणि पतियाळात मिनिटाच्या आत लागला. मग बदलले काय? जमीन बदलली आणि रीत बदलली. पालथे पडून वेळ काढणे लंडनच्या नियमांत बसत होते. पतियाळात हजारो डोळ्यांसमोर आखाड्याच्या मातीत उभे राहून लढावे लागले. तेव्हा "गामा किती मोठे?" असे विचारण्यापूर्वी "कुठे आणि कोणत्या नियमांनी?" हे विचारावे लागते.

अशीच गोष्ट पुढे खुद्द मुहम्मद अलींच्या वाट्याला आली. १९७६ मध्ये टोकियोत त्यांची लढत जपानच्या अँटोनियो इनोकी या कुस्तीगिराशी झाली. एक ठोसे मारणारा, दुसरा पकड घालणारा. इनोकी जवळजवळ पूर्ण वेळ पाठीवर पडून अलींच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्यांत अलींना हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच ठोसे मारता आले. लढत बरोबरीत सुटली आणि प्रेक्षक भयंकर चिडले. त्याच वर्षी कराचीत इनोकीने गामांचे पुतणे अक्रम पहिलवान यांना हरवले. एका खेळाचा राजा दुसऱ्या खेळाच्या नियमांत नवशिका होऊन जातो, हे त्या दिवसांत साऱ्या जगाने पाहिले.

आपल्याकडच्या मातीच्या कुस्तीत आणि गादीच्या कुस्तीतही असाच मोठा फरक आहे. मातीत जुनी रीत अशी, की प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवली म्हणजे तो चितपट. गुण मोजायचे नाहीत. कुस्ती अर्धा तास चालली, तास चालली तरी चालेल. म्हणून तिथे दम हवा, आणि घाम आलेल्या अंगावर माती टाकून पकड घट्ट करण्याची युक्ती हवी. गादीवर आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि मध्ये तीस सेकंदांची विश्रांती असते. ताबा मिळवला, रिंगणाबाहेर ढकलले, डाव मारला, प्रत्येकाचे गुण मिळतात. फ्रीस्टाइल कुस्तीत दहा गुणांची आघाडी झाली, की कुस्ती तिथेच संपते. मातीतला मल्ल पहिली पंधरा मिनिटे समोरच्याला नुसता दमवत असे. तेवढ्या वेळात गादीवरच्या दोन कुस्त्या होऊन जातात! म्हणून आमच्या नातवाचे "तीन मिनिटेही टिकले नसते" हे म्हणणे अर्धेच खरे. आजचा मल्ल त्या काळच्या तासाभराच्या कुस्तीत टिकला असता का, हेही त्याने विचारायला हवे होते.

महाराष्ट्रात मोठा पहिलवान ठरवण्याच्या दोन प्रसिद्ध रीती आहेत. एक 'महाराष्ट्र केसरी' आणि दुसरी 'हिंद केसरी'. केसरी म्हणजे सिंह. महाराष्ट्र केसरीची स्पर्धा १९६१ पासून सुरू झाली आणि पहिला मान दिनकर दह्यारी यांना मिळाला. विजेत्याला चांदीची गदा देतात. हिंद केसरीत श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये, गणपतराव आंदळकर यांनी १९६० मध्ये आणि मारुती माने यांनी १९६४ मध्ये यश मिळवले. आंदळकर आणि माने हे दोघे तर १९६२ च्या जाकार्ता आशियाई खेळांतही चमकले. आंदळकरांना ग्रीको-रोमन प्रकारात ९७ किलोंवरील गटाचे सुवर्ण मिळाले आणि मान्यांना फ्रीस्टाइल प्रकारात ९७ किलो गटाचे. शिवाय दोघांनी एकेक रौप्यपदकही आणले. मातीतली मोठेपणाची कसोटी आणि गादीवरची कसोटी, या दोन्हींना उतरलेली ही माणसे.

आपल्या मराठवाड्यातून हरिश्चंद्र बिराजदार पुढे आले. त्यांचे गाव रामलिंग मुदगड, तालुका निलंगा. १९६९ मध्ये ते महाराष्ट्र केसरी झाले. १९७७ मध्ये त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना हरवले, आणि ही कुस्ती जुनी माणसे अजून सांगतात. सतपाल तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे होते, वजनाने भारी आणि देशभर गाजत असलेले. पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत सतपाल यांनी १०० किलो गटाचे सुवर्णपदक जिंकले. आता एका दिवसाची कुस्ती मोजली, तर बिराजदार मोठे. आशियातले पदक मोजले, तर सतपाल मोठे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लातूरचा माणूस एक सांगेल, दिल्लीचा दुसरी.

परंतु महाराष्ट्र केसरी आणि हिंद केसरी या दोन्ही भारी मल्लांच्या स्पर्धा आहेत. महाराष्ट्र केसरीच्या गटात आज ८६ ते १२५ किलो वजनाचे मल्ल उतरतात. मग ५७ किलोंच्या माणसाने काय करायचे? तो कितीही चपळ, कितीही डावबाज असला, तरी गदा त्याच्या खांद्यावर येणारच नाही. मोठा पहिलवान म्हणजे आकाराने मोठा, असे आपण नकळत ठरवून टाकतो. या एका समजुतीमुळे आपण एका माणसावर केवढा अन्याय केला, ते आता ऐका.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर गावी झाला. वडीलही पहिलवान. खाशाबांची उंची साडेपाच फुटांच्या आत आणि अंगाने ते सडपातळ. पाहणाऱ्याला हा पहिलवान वाटायचाच नाही. परंतु पकड विजेसारखी. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला मदत केली. तोपर्यंत त्यांची सारी कुस्ती मातीतली. गादीवरच्या कुस्तीचे नियम त्यांना तिथे जाऊन शिकावे लागले. तरीही आपल्या वजनाच्या गटात ते सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीचे ऑलिंपिक होते. पैसा कुठून आणायचा? खाशाबा गावोगाव हिंडले. लोकांनी जमेल तसे पैसे दिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. विद्यार्थ्यासाठी घर गहाण ठेवणारा शिक्षक! हे वाक्य वाचून तुमचे शिक्षक गालात हसतील, पण गोष्ट खरी आहे.

१९५२ मध्ये हेलसिंकीत ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. मग जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ कुस्ती झाली आणि ते गुणांवर हरले. इशीने पुढे सुवर्णपदक जिंकले. ही कुस्ती संपते न संपते, तोच त्यांना पुन्हा गादीवर बोलावण्यात आले. समोर सोव्हिएत संघाचे रशीद मम्मदबेयोव्ह. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण ती मागायला भारतीय पथकातला कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. तरीही कांस्यपदक त्यांचेच. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. कराडच्या स्टेशनावरून गावापर्यंत शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. घरी आल्यावर खाशाबांनी कुस्त्या लढवल्या आणि त्या पैशांतून आपल्या गुरुजींचे घर सोडवले.

आणि त्यानंतर? त्यानंतर बहुतेक काहीच नाही. १९५५ मध्ये ते पोलिस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते वारले. त्यांच्यानंतर एकट्या भारतीय खेळाडूला ऑलिंपिक पदक मिळाले ते १९९६ मध्ये, लिअँडर पेस यांना टेनिसमध्ये. म्हणजे ४४ वर्षांनी! कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ मध्ये, सतपाल यांचे शिष्य सुशील कुमार यांनी आणले. इतकी वर्षे दुसऱ्या कोणाला न जमलेली गोष्ट ज्यांनी केली, त्या खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० सालचा. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले. त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतात. हे सारे चांगलेच झाले. पण यांतले काहीही त्यांनी स्वतः पाहिले नाही.

तुलना हा नुसता गप्पांचा विषय नाही, तो इथे कळतो. आपण कोणते माप हातात घेतो, त्यावर कोणाचे नाव राहते आणि कोणाचे पुसले जाते, हे ठरते. आकाराचे माप घेतले तेव्हा खाशाबा दिसलेच नाहीत. आपल्याच वजनाच्या जगातल्या साऱ्या मल्लांत तो कितवा, हे माप घेतले तेव्हा ते एकदम उंच दिसू लागले. मला विचाराल, तर दोन काळांतल्या खेळाडूंना मोजायला हेच माप त्यातल्या त्यात न्यायाचे आहे. गामांना आजच्या मल्लासमोर मनाने उभे करण्यात अर्थ नाही. गामा आपल्या काळातल्या इतरांपेक्षा किती पुढे होते, ते पाहावे. आजचा मल्ल आजच्या इतरांपेक्षा किती पुढे आहे, ते पाहावे. आणि मग हे दोन 'किती' शेजारी ठेवावेत.

पण मोजायचे तर मोजण्याजोगे काही हाती हवे ना? इथे आणखी एक अडचण येते. जुन्या पहिलवानांच्या गोष्टी सांगता सांगता वाढत जातात. बडोद्याच्या संग्रहालयात एक मोठा दगड आहे. १९०२ मध्ये गामांनी तो उचलला असे सांगतात, आणि त्याचे वजन १२०० किलो असल्याचेही सांगतात. १२०० किलो म्हणजे १२ क्विंटल. हिंगोलीच्या मोंढ्यात तुम्ही हळदीची पोती पाहिली असतील. १२ क्विंटल हळद एका माणसाने एका दमात उचलली, असे कोणी सांगितले तर तुम्ही मानाल का? आता मोजून पाहिलेले आकडे बघा. २०१६ मध्ये इंग्लंडच्या एडी हॉलने ५०० किलो वजन जमिनीवरून मांड्यांपर्यंत उचलले, तेव्हा त्याच्या नाकातून रक्त आले. डोक्यावर वजन नेण्याचा विक्रम जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेचा, २०२१ चा, २६७ किलोंचा. मग १२०० किलोंचे काय? गामांनी तो दगड हलवला असेल, एका बाजूने उचलून उलटवला असेल. तेही काही लहान काम नाही. पण पूर्ण उचलला, हे मानणे कठीण आहे. आणि गामांना या दगडाची गरजही नाही. पतियाळाची ती कुस्ती हजारोंनी पाहिली आणि वर्तमानपत्रांत छापून आली. तेवढे पुरे आहे.

अशीच एक विलक्षण गोष्ट हमीदा बानू यांची. त्या उत्तर प्रदेशातल्या. बायकांनी कुस्ती खेळणे लोकांना सहन होत नव्हते, अशा काळात त्या पुरुष पहिलवानांना जाहीर आव्हान देत. "मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन," असे त्या म्हणत. १९५४ मध्ये बडोद्यात बाबा पहिलवान यांना त्यांनी एक मिनिट चौतीस सेकंदांत चीत केले. काही लोक म्हणत, की त्यांच्या कुस्त्या आधी ठरवलेल्या असत. तुम्ही 'नूरा कुश्ती' हा शब्द ऐकला असेल. तो मराठीतही 'नुरा कुस्ती' म्हणून चालतो. काही कुस्त्या तशा असतीलही. पण एक प्रश्न मनात येतो. तसा संशय त्या काळच्या पुरुष मल्लांच्या कुस्त्यांवर इतक्या चटकन घेतला जात होता का? कोणाच्या पराक्रमाला पुरावा मागायचा आणि कोणाचा तसाच मानायचा, यातही आपला कल दिसून येतो. महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. सांगलीत झालेल्या त्या स्पर्धेत प्रतीक्षा बागडी पहिल्या विजेत्या ठरल्या. हमीदा बानू त्याच गादीवर उतरल्या असत्या तर? त्यांना कोणी उतरू दिले नव्हते, म्हणून तर आपल्याला आज अंदाज बांधावे लागतात.

आकडेही जपूनच वाचावे लागतात. नरसिंग यादव यांनी २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरीची गदा जिंकली. लगेच विजय चौधरी यांनी २०१४, २०१५, २०१६ अशी तीन वेळा जिंकली. जुन्या काळात गणपत खेडकर, चंबा मुत्नाळ, दादू चौगुले अशा मल्लांच्या नावावर दोन-दोन गदा आहेत. तीन दोनपेक्षा जास्त, हे दुसरीतला मुलगाही सांगेल. पण कोण किती वर्षे लढला, समोर कोण होते, कुस्तीला वेळेची मर्यादा होती की नव्हती, हे नुसत्या तीन या आकड्यात दिसत नाही.

आपल्या शेजारी, जालन्याला, डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची स्पर्धा झाली. तिथे बुलढाण्याकडून खेळणाऱ्या बाला रफीक शेख यांनी आदल्या वर्षीच्या विजेत्या अभिजीत कटके यांना हरवून गदा खांद्यावर घेतली. ही कुस्ती आणखी पन्नास वर्षांनीही कोणाला तपासता येईल. तिचे चित्रीकरण आहे, गुण लिहिलेले आहेत, वजने नोंदलेली आहेत. पण औंढ्याच्या किंवा वसमतच्या परिसरात तुमच्या आजोबांच्या वयाच्या माणसांनी ज्या कुस्त्या मारल्या, त्यांचे काय? तिथे वजनकाटा नव्हता. पंच दोघांना शेजारी उभे करून डोळ्यांनीच जोड लावत. निकाल हलगीच्या आवाजात जाहीर होई. बक्षीस म्हणून नारळ, फेटा किंवा काही रुपये मिळत, आणि नाव फक्त लोकांच्या आठवणीत राही.

त्या आठवणी सांगणारी माणसे अजून काही घरांत आहेत. पुढच्या उरुसात किंवा दसऱ्यात तुमच्या शेजारी एखादे वस्ताद बसले, तर त्यांना "मोठा पहिलवान कोण?" असे विचारू नका. त्याचे उत्तर ते लगेच देतील आणि वाद सुरू होईल! त्याऐवजी विचारा: अमुक कुस्ती कोणत्या साली झाली? समोरचा गडी कोणत्या गावचा? दोघांत वजनाला भारी कोण होता? कुस्ती किती वेळ चालली? कोणत्या डावावर संपली? धोबीपछाड, ढाक, घिस्सा, की आणखी काही? आणि ती तुम्ही स्वतः पाहिली, की दुसऱ्याकडून ऐकली? ते जे सांगतील ते त्याच दिवशी वहीत लिहून ठेवा, त्यांच्याच शब्दांत. उर्दूत लिहा किंवा मराठीत लिहा, दोन्ही चालेल.